आयर्लंडच्या छोट्या गावात शेजारचे आजोबा वारले, जावं की न जावं?

मृदुला_सांगली
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, उद्या संध्याकाळपर्यंत ठरवायचंय.

आम्ही केरी काउंटीत किलॉर्गलिनला राहतो, तीन वर्षं झाली. वस्ती दोन-सव्वादोन हजार, लॉन नदीच्या पुलापासून गाव जे चढायला लागतं ते थेट टेकडीवर, बाबागाडी ढकलून माझी पहिल्या वर्षी दमछाक व्हायची. नवरा औषधाच्या फॅक्टरीत, मी घरून काम करते. शेजारी एक आजोबा राहायचे, एकटेच. ते काल सकाळी गेले. मला कळलं कसं तर दुकानात दूध घ्यायला गेले होते, रेडिओ केरी लागलेला, त्यावर निधनवार्ता सुरू झाल्या आणि काउंटरवरच्या बाईने माझे सुटे पैसे हातातच धरून ठेवले, बोलेना. सगळं दुकान गप्प. यादी संपल्यावर म्हणाली, तुझे शेजारी गं.

आजोबांचं आणि माझं नातं म्हणजे एका डब्याचं. पहिल्याच आठवड्यात मी चुकीच्या दिवशी चुकीचा बिन बाहेर ठेवला ते सांगायला आले होते, मी आपलं संकोचाने स्टीलच्या डब्यात चार थालीपीठं दिली. आठ दिवसांनी डबा परत आला तो बटाट्यांनी भरून. केर्स पिंक जातीचे, अंगावर माती तशीच. मग मी काहीतरी द्यायचं, मग तिकडून बटाटे नाहीतर अंडी नाहीतर रूबार्ब. डबा कुंपणावरून ये-जा करत राहिला. बोलायचे खूप, त्यांचा केरी हेल मला निम्माच कळायचा. इथली रेल्वे १९६० साली बंद झाली तेव्हा ते दहा वर्षांचे होते, म्हणायचे की आता पुलावरून लोक कुत्री फिरवतात पण मला अजून आधी इंजिनच ऐकू येतं. मग लंडनला बांधकामावर गेले, परत येऊन किलार्नीच्या क्रेनच्या कारखान्यात लागले ते रिटायर होईपर्यंत.

आता प्रश्न. उद्या ५ ते ७ फ्युनरल होममध्ये दर्शन आहे, परवा ११ ला चर्च. नवरा म्हणतो आपण ना नात्यातले ना धर्मातले, घरच्यांना आपण ओळखतही नाही, मुलगी अमेरिकेतून येतेय तिला कशाला अवघडवायचं, नंतर कार्ड टाकू. आई फोनवर म्हणते पोरीला अजिबात नेऊ नकोस. आणि बातमीत शेवटी 'हाऊस प्रायव्हेट' म्हणाले, म्हणजे येऊ नका असंच ना? कपडे कोणते, हातात काय न्यायचं, बोलायचं काय? कोणी गेलंय का अशा ठिकाणी?

मेयोकर
जा. यात विचारायचं काय आहे.

लिस्टोवेलची_नर्स
मृदुला, वाईट वाटलं वाचून. मी अकरा वर्षं केरीत आहे, वृद्धाश्रमात काम करते त्यामुळे महिन्याला दोनतीन तरी होतात. पटापट सांगते.

हाऊस प्रायव्हेट म्हणजे फक्त घरी येऊ नका. फ्युनरल होम सगळ्यांना उघडं असतं, ते त्यासाठीच असतं. ओळख नसली तरी चालते, उलट तुला ओळखत नसतील तर 'मी शेजारची' एवढं सांगायचं. रांग असेल. रांग हळूहळू सरकत आत जाते, घरचे लोक खुर्च्यांवर ओळीने बसलेले असतात, एकेकाचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं सॉरी फॉर युअर ट्रबल. बस. सगळे हेच म्हणतात, शब्द बदलत नाहीत, त्यामुळे काय बोलू हा प्रश्नच राहत नाही, ही मला फार मोठी सोय वाटते.

एक आधी सांगून ठेवते, पेटी उघडी असते. पहिल्यांदा मी दचकले होते. कोट-टाय घालून झोपवलेले असतात, हातात जपमाळ. लोक कपाळाला हात लावतात, तू नाही लावलास तरी चालेल, क्षणभर उभी राहा आणि पुढे हो.

कपडे गडद, काळेच पाहिजेत असं नाही. पांढरे नको. फुलं नको, बातमीत 'फॅमिली फ्लॉवर्स ओन्ली' असेल तर मुळीच नको. कॅथलिक लोक मास कार्ड देतात (मास म्हणजे चर्चमधली प्रार्थना), तुझ्यासाठी साधं सिम्पथी कार्ड पुरे. आणि लेकीला ने गं. इथे पोरं सगळीकडे असतात, पेटीच्या आजूबाजूला पळत असतात.

डब्लिन_१५
आमच्या अपार्टमेंटमध्ये चार वर्षांत समोरच्याचं नावसुद्धा माहीत नाही. त्याच्याकडे माझे पार्सल जातात एवढंच नातं. तो गेला तर मला कुरियरवाल्याकडून कळेल.

तळकोकण
धागाकर्तीला काही प्रॉब्लेम नाही यायचा. कोणी विचारलंच कुठली तर फक्त 'बॉम्बेच्या खाली' म्हणा, पुढचं सगळं समोरचाच बोलतो. "ओह, लिओ!" मी मालवण तालुक्यातला, वराड आमच्यापासून जवळ. २०१७ ला वराडकर इथे पंतप्रधान झाले तेव्हापासून आमच्या टॅक्सीवाल्याची खात्री आहे की मी त्यांचा चुलतभाऊ. मीही आता नाही म्हणणं सोडलंय.

पुणे३०
किलॉर्गलिन म्हणजे तेच ना जिथे बोकडाला राजा करतात? मी कधी आयर्लंडला आलेलो नाही पण कुठेतरी वाचलं होतं आणि विश्वास बसला नव्हता.

मृदुला_सांगली
@लिस्टोवेलची_नर्स खूप खूप आभार, उघडी पेटी हे बरं झालं सांगितलंत.

@पुणे३० हो तेच. पक फेअर, १० ते १२ ऑगस्ट. डोंगरातून रानटी बोकड पकडून आणतात, गावातली एक शाळकरी मुलगी राणी असते, तिच्या हातून बोकडाच्या डोक्यावर मुकुट चढवतात आणि मग त्याला चौकात उंच मचाणावर चढवतात. खाली घोडेबाजार, पाळणे, गाणी, पबना रात्री तीनपर्यंत परवानगी. तिसऱ्या दिवशी राजा उतरतो आणि परत डोंगरात. आजोबा म्हणायचे की पूर्वी ख्रिसमसला नाही आले तरी चालेल पण इंग्लंडला गेलेली माणसं पकला घरी यायचीच, आणि ट्रेन होती तोवर डबे भरभरून. २०२२ ला कडक ऊन पडलं तेव्हा बोकडाला खाली आणावं लागलं होतं, प्राणीमित्रांनी धारेवर धरलं, आता पूर्वीसारखं दिवसचे दिवस वर ठेवत नाहीत.

पुणे३०
आणि कापत नाहीत??

तळकोकण
तीन दिवस जत्रा, बोकड आहे, दारू आहे, आणि बोकड जिवंत परत जातो. हे आमच्याकडे कोणाला सांगायची सोय नाही.

घाटावरचा
आमच्याकडे बोकडालाही एक दिवस राजासारखंच वागवतात हो. हार घालतात, हळदकुंकू लावतात. पुढचा कार्यक्रम वेगळा.

मृदुला_सांगली
:) बोकडाला राजा का, तर म्हणे क्रॉमवेलचं सैन्य डोंगरात लुटालूट करत आलं, बाकी कळप पांगला पण एक बोकड धावत गावात आला, त्यावरून लोक सावध झाले. त्याचे उपकार म्हणून.

पुणे३०
एक मिनिट. आत्ता शोधलं तर जत्रेची राजाकडून मिळालेली सनद १६१३ ची दिसतेय. क्रॉमवेल आयर्लंडला उतरला १६४९ ला. म्हणजे जत्रा आधी आणि बोकड मागाहून? हिशोब जुळत नाही.

घाटावरचा
आले पुणेकर. बोकडाकडे जन्मदाखला मागा आता.

मेयोकर
जत्रेवरून परत मयताकडे येतो कारण मी वर पाच शब्दांत उत्तर दिलं ते उद्धट वाटलं असेल. न जाण्याची किंमत काय असते ते आमच्या मेयो काउंटीला विचारा.

१९५१ साली मेयोने गेलिक फुटबॉलचा ऑल-आयर्लंड कप जिंकला. टीम कप घेऊन डब्लिनहून परत येताना फॉक्सफर्ड गावातून गेली, तिथे म्हणे एक अंत्ययात्रा चालली होती आणि ही पोरं जल्लोषात ट्रकमधून तशीच पुढे गेली, थांबली नाहीत, टोप्या काढल्या नाहीत. पाद्री चिडला, शाप दिला, यातला एकही जण जिवंत आहे तोवर मेयो परत जिंकणार नाही. आहे दंतकथाच, पण निकाल बघा. १९८९ पासून २०२१ पर्यंत अकरा वेळा फायनलला जाऊन हरले. त्या टीममधला शेवटचा म्हातारा २०२१ च्या सप्टेंबरमध्ये गेला, फायनल हरल्यावर दोनच आठवड्यांनी. आमच्या ऑफिसात लोक हळहळले आणि पुढच्याच वाक्यात म्हणाले, चला आता बघू. अजून बघतोच आहोत.

मी फॉक्सफर्डवरूनच रोज कामाला जातो. इथे शववाहिका दिसली की समोरून येणारी गाडीसुद्धा कडेला थांबते. ट्रॅक्टरवाला टोपी काढतो. मीही थांबतो, शाप वगैरे नको परत.

केरीचा_जावई
मेयोकर, आमचे ३९ कप झाले बरं का. २०२५ धरून. सहज आपलं सांगितलं.

मेयोकर
माहीत आहे. प्रत्येक केरीवाला सहजच सांगतो.

स्पष्टवक्ता
सगळं फार गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. आठ वर्षं मिडलँड्समधल्या एका गावात काढली, गावाचं नाव घेत नाही. हॅलो हाऊ आर यू रोज, हवा कशी आहे रोज, स्टिअरिंगवरून एक बोट उचलून सलाम रोज. घरात बोलावलं कोणी? दोनदा. आठ वर्षांत. तुम्हाला 'ब्लो-इन' म्हणतात, वाऱ्याने उडून आलेला, आणि हे फक्त आपल्याला नाही, शेजारच्या काउंटीतून लग्न करून आलेली बाई चाळीस वर्षांनीही ब्लो-इनच. भाड्याचं घर गेलं तर दुसरं मिळत नाही. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनकडे आपल्या लोकांना मारहाण झाली, वकिलातीला सूचना काढावी लागली, त्यानंतर आमची हिची संध्याकाळी एकटीने चालायला जायची हिंमत होत नव्हती. ते पण गावजीवनच आहे. मयताला जा, जरूर जा, पण गेलात म्हणून गावातले झालात असं समजू नका.

लिस्टोवेलची_नर्स
स्पष्टवक्ता, त्या ऑगस्टमध्ये मी पण बसस्टॉपवर पाठ भिंतीला लावून उभी राहायचे, त्यामुळे खोटं नाही म्हणणार. पण घरात बोलावत नाहीत यावर एक अनुभव. मी पण पहिली तीन वर्षं वाट बघत होते कोणी बोलावेल म्हणून. मग कळलं की इथे घरात बोलावतच नाहीत फारसं, आपापसातही. भेटतात ते मॅचला, मासनंतर चर्चच्या बाहेर, जनावरांच्या बाजारात, पबमध्ये, आणि मयताला. या पाचपैकी तीन ठिकाणी मी जातच नव्हते, मग मला कोण भेटणार. आमच्याकडे टायडी टाउन्स या स्वच्छ गावांच्या स्पर्धेवाले पिवळी जॅकेटं घालून शनिवारी कचरा वेचतात, त्यात शिरले. २०१८ ला लिस्टोवेल देशात पहिलं आलं, त्या वर्षी मी पेरलेला झेंडू पण कुठेतरी होता असं मी माझ्यापुरतं धरून चालते.

घाटावरचा
म्हणजे आपलं ग्रामस्वच्छता अभियानच की. फक्त इथे परीक्षक येऊन गेल्यावरही झाडतात का?

लिस्टोवेलची_नर्स
परीक्षक न सांगता येतात हो, हीच तर मेख आहे.

स्पष्टवक्ता
झेंडूचा मुद्दा मान्य. बाकी मत कायम.

बॅलीहॉनिस
ब्लो-इनवरून सांगतो. आमच्या मेयोतल्या या बॅलीहॉनिस गावात २०११ च्या जनगणनेत चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक बाहेरच्या देशातले निघाले होते. हलाल मटणाचा कारखाना निघाला त्यामुळे पाकिस्तानी आले, १९८७ पासून मशीद आहे, मग सीरियन, पोलिश, सगळे. मी इथल्या क्रिकेटच्या नादाने आलो आणि राहिलो. इथे कोणी ब्लो-इन म्हटलं की विचारायला लागतं, कोणाच्या तुलनेत? मसाले, ताजी कोथिंबीर, बासमती सगळं मिळतं, डब्लिनवाल्यांनी जळावं.

आणि मयताबद्दल, आमच्या रेडिओवरही निधनवार्ता लागतात, त्या वेळी फॅक्टरीत मशीन सोडून सगळं थांबतं. आमचा एक पाकिस्तानी सुपरवायझर चाचा, तीस वर्षं इथे, बायकोला विचारतो, आज कोण गेलं? ती नाव सांगते आणि तो सांगतो त्या माणसाचं शेत कुठे, भाऊ कुठे, गाय कुणाला विकली होती. हा माणूस ब्लो-इन?

केरीचा_जावई
नावावरून आठवलं. केरीत निम्मं गाव ओसुलिव्हन. त्यामुळे प्रत्येक घराण्याला टोपणनाव. माझ्या सासऱ्यांचं घराणं केसांच्या रंगावरून ओळखलं जातं, आता सगळ्यांना टकलं पडली तरी नाव तेच. रेडिओवर मृताचं नाव सांगताना ते टोपणनाव सांगितलं नाही तर लोक चुकीच्या मयताला जातील, ही मस्करी नाही, माझे सासरे एकदा गेलेत. रांगेत उभे राहिले, आत पोचले तर पेटीत दुसराच. मागे फिरायची सोय नाही, त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, चहा प्यायला, सँडविच खाल्लं आणि घरी आले. म्हणाले, माणूस चांगला होता म्हणे.

अजून एक. कबर खणायची ती सोमवारी खणायची नाही. सोमवारीच मूठमाती असेल तर आदल्या दिवशी रविवारी जाऊन कुदळीने एक ढेकूळ उलटं करून ठेवतात, म्हणजे काम रविवारी सुरू झालं असं होतं.

घाटावरचा
अरे हे म्हणजे पंचकात गेलं तर पिठाचे पुतळे करतात तसं झालं. देवाला कागदोपत्री गुंडाळायचं, सगळीकडे सारखंच.

डब्लिन_१५
आणि निधनवार्तांची वेबसाइट आहे ती विसरू नका. आरआयपी डॉट आयई. माझी मॅनेजर सकाळी ईमेलच्या आधी ती उघडते. २००५ पासून फुकट होती, एका मोठ्या वृत्तपत्राने विकत घेतली आणि २०२५ पासून एका बातमीला शंभर युरो. तेव्हा जे लोक खवळले, पाणीपट्टीला एवढे खवळले नसतील.

तळकोकण
आधी पबमध्येच सगळं व्हायचं ना? आमच्या गावात अजून एक आहे, पाटीवर बार, किराणा आणि अंत्यसंस्कार तिन्ही. म्हातारा मालक म्हणतो, गिऱ्हाईक शेवटपर्यंत सोडत नाही आम्ही.

बॅन्ट्री_बे
उशिरा वाचला धागा. तुम्ही विचारता आहात ओळख नसताना जावं का. मी वेस्ट कॉर्कमध्ये राहते. इथून जवळ अहाकिस्ता म्हणून समुद्राकाठी अगदी छोटं खेडं आहे. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बस्फोटाने याच समुद्रावर पडलं, ३२९ माणसं गेली. १३१ देह मिळाले, ते कॉर्कला आणले. नातेवाईक कॅनडातून आणि भारतातून आले, त्यांना इथलं काहीच माहीत नव्हतं आणि इथल्या लोकांना त्यांचं काहीच माहीत नव्हतं. माझ्या कामावरची एक बाई तेव्हा वीसबावीस वर्षांची होती, तिची आई कॉर्कला हॉस्पिटलमध्ये चहा करून द्यायला गेली होती. ती सांगते की आईला एक बाई भेटली, साडीतली, तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि आईला दुसरं काही येत नव्हतं, दोघी दुपारभर हात धरून बसल्या. आई घरी येऊन म्हणाली, मला तिचं नाव विचारायचं सुचलंच नाही.

वर्षभरात अहाकिस्ताला स्मारक केलं. सूर्यघड्याळ आहे, सगळ्यांची नावं कोरलेली भिंत आहे, भोवती बाग. दर २३ जूनला सकाळी तिथे जमतात, विमान पडलं त्या वेळी. मी आल्यापासून दोन वर्षं सोडून दरवर्षी गेले. नातेवाईक येतात, आता त्यांची नातवंडं येतात, आणि गावातले लोक येतात. गावातले जे येतात त्यांची त्या विमानातल्या कोणाशी ओळख होती?

मृदुला, तुमची तर डब्याची ओळख आहे.

मेयोकर
_/\_

तळकोकण
बॅन्ट्री ताई, हे माहीत नव्हतं. पुढच्या जूनला येतो.

सौ_बार्शी
मी बार्शीहून लिहितेय, परदेशाचं मला काही माहीत नाही. आमच्यात म्हणतात लग्नाला नाही गेलं तर चालतं, समाचाराला गेलंच पाहिजे. फक्त निघताना 'येते' म्हणू नकोस बाई.

पुणे३०
इंग्रजीत 'येते' कसं म्हणणार?

सौ_बार्शी
'सी यू' म्हणतात ना. ते म्हणू नको.

लिस्टोवेलची_नर्स
हाहाहा, हा मुद्दा अकरा वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता. मी पेटीसमोरून जाताना नक्की काय काय म्हटलं असेल देव जाणे.

केरीचा_जावई
कोविडमध्ये काय झालं ते सांगायचं राहिलं. चर्चमध्ये आधी दहाच माणसं, मग पंचवीस. बायकोच्या आत्या तेव्हाच गेल्या. मास वेबकॅमवर. मला वाटलं झालं, आता ही पद्धत मोडणार. तर शववाहिका निघाली आणि गावापासून स्मशानभूमीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक, आपापल्या गेटशी, मध्ये अंतर ठेवून, पावसात. कोणी बोललं नाही. आत्यांच्या गाईंचं दूध नेणारा टँकरवाला टँकर बाजूला लावून उभा होता. आत्या तशी भांडकुदळ होती, त्यातल्या निम्म्यांशी तिचं पटत नव्हतं.

डब्लिन_१५
अवांतर: तिथे मिळणारा चहा बॅरीज की लायन्स?

केरीचा_जावई
बॅरीज. हा प्रश्न केरीत विचारू नका, कॉर्कमध्ये तर नकाच नका.

तळकोकण
दोन्ही पाणचट. उकळल्याशिवाय चहा नाही.

बॅलीहॉनिस
चहा उकळून घेण्याबद्दल वेगळा धागा काढा, तिथे मी येतो भांडायला.

मृदुला_सांगली
मंडळी, जाऊन आलो. दोन्ही दिवस. सगळ्यांचे आभार, आता सविस्तर लिहिते.

पाच वाजता पोचलो तर रांग फुटपाथवर, पाऊस पडत होता, कोणी छत्री उघडली नव्हती म्हणून मीही नाही उघडली. नवरा आला बरोबर, कुरकुरत का होईना, आणि लेक पण. पुढचे गृहस्थ मागे वळून म्हणाले, तुम्ही डाव्या हाताचे शेजारी ना. आम्ही हो म्हटलं. मग त्यांनी त्यांच्या पुढच्याला सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला, म्हणजे आम्ही आत पोचायच्या आधी आम्ही कोण ते आत पोचलं होतं.

आजोबा निळ्या सुटात होते. मी त्यांना कधी सुटात बघितलं नव्हतं. लेकीने विचारलं, यांचे मातीचे बूट कुठेत? जरा जोरातच विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खुर्चीतली एक म्हातारी हसायला लागली, आणि तिच्या शेजारची, आणि मग त्यांची मुलगी पण, रडत होती ती हसायला लागली. मी सॉरी फॉर युअर ट्रबल म्हणाले. नवरा घाबरून 'कॉंग्रॅच्युलेशन्स' म्हणेल की काय अशी मला धास्ती होती, पण नाही, नीट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चर्च. सुरुवातीला त्यांच्या आयुष्यातल्या वस्तू नेऊन वेदीपाशी ठेवतात, लॉन रेंजर्स या फुटबॉल क्लबची जर्सी ठेवली, मासे धरायची काठी आणि एक बटाटा. फक्त एक. १९९६ ला रेंजर्सनी क्लबांचा ऑल-आयर्लंड जिंकला तेव्हा आजोबा तीन दिवस घरी आले नव्हते असं पाद्रीबाबांनी सांगितलं आणि चर्च हसलं. पेटीला खांदा दिला तो आपल्यासारखाच, उंचीप्रमाणे माणसं लावून. शेवटची काही पावलं चालायला एकाने नवऱ्याला खूण केली आणि हा गेला खांदा द्यायला. मला सांगूनही नाही. घरी येऊन आंघोळ केली का विचारू नका, केली.

आता डब्याचं. मास झाल्यावर हॉटेलात सूप आणि सँडविच होतं (मी अंडं-मेयोनीजच्या सँडविचवर निभावलं), आणि त्यानंतर त्यांची मुलगी कुंपणापाशी आली. म्हणाली आत ये, हाऊस प्रायव्हेट तुझ्यासाठी नाहीये. स्वयंपाकघरात टेबलावर माझा डबा, त्यात बिस्किटं. म्हणाली एक विचारायचंय, बाबा आम्हाला फोनवर सांगायचे की शेजारणीने डब्यावर त्यांच्यासाठी प्रार्थना कोरून दिलीय, घासताना ते अक्षरांवर काथ्या घासू द्यायचे नाहीत. काय लिहिलंय त्यावर?

मी बघितलं. तुम्हाला कळलंच असेल. आमच्या सासरी आजेसासरे गेले त्याच्या वर्षश्राद्धाला भांडी वाटली होती, त्यातला तो डबा. 'कै. दादांच्या स्मरणार्थ', खाली तारीख.

खोटं सांगावं असं एक क्षण वाटलं. पण सांगितलं खरं, की आमच्याकडे माणूस गेला की त्याचं नाव भांड्यावर कोरून ती भांडी लोकांना देतात, म्हणजे रोजच्या वापरात राहतो. ती तो डबा फिरवून फिरवून बघत होती. मग म्हणाली, म्हणजे आमच्या मेमोरियल कार्डासारखंच. फक्त यात बटाटे मावतात.

लिस्टोवेलची_नर्स
आई गं. बूट!

घाटावरचा
लेकीला माझ्याकडून चॉकलेट. आणि माझ्या आईकडे असे सतरा डबे आहेत, नाव वाचूनच कशात काय आहे ते सांगते. तांदूळ कुठे, तर अण्णांच्यात.

बॅन्ट्री_बे
नवऱ्याला खांदा द्यायला बोलावलं. स्पष्टवक्ते, वाचताय ना?

स्पष्टवक्ता
वाचतोय. खांदा देणाऱ्यालाही ब्लो-इनच म्हणतील. पण बोलावलं हे खरं.

सौ_बार्शी
निघताना काय म्हणालीस?

मृदुला_सांगली
काहीच नाही म्हणाले काकू, नुसता हात दाबला. ती मात्र 'सी यू अॅट द मंथ्स माइंड' म्हणाली. महिन्याने मास असतो, आपल्या मासिकासारखा. जाणार आहे.

तळकोकण
डबा कोणाकडे आहे आत्ता?

मृदुला_सांगली
तिच्याकडे. बॉस्टनला नेतेय, विचारून.

नवीन_सदस्य_केरी
नमस्कार, पूर्ण धागा वाचला नाही, माफ करा. मला जानेवारीपासून किलार्नीजवळ नोकरी लागली आहे, त्या बाजूला भाड्याने घर कसं मिळेल? दोघेच आहोत. शाकाहारी.

मृदुला_सांगली
व्यक्तिगत निरोप पाठवलाय.